मूळ लेख गेला, उत्तर राहिले

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या घरचे बत्तीस जण मोबाइलवरच्या एका गटात आहेत. सांगलीपासून शारजापर्यंत पांगलेले हे घर सणासुदीला तेवढे त्या इवल्याशा पडद्यावर एकत्र येते. नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान आटोपून फराळाला बसलो, तो गटावर आत्याचा संदेश दिसला : "अरे, आजारी माणसाची अशी थट्टा करतात का? आपल्या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं." वर पाहिले, तर तेथे मजकूर नव्हता, कोणीतरी काही लिहून पुसले, एवढीच खूण होती.

मागाहून उलगडा झाला. काकांनी घरातल्या एका आजाऱ्यावर विनोद केला होता. आत्याने कान उपटल्यावर त्यांना आपली चूक उमगली आणि त्यांनी तो पुसून टाकला. ह्यात त्यांचे काही वावगे झाले असे मला वाटत नाही. पण उशिरा उठलेल्या मंडळींना आणि शारजाकरांना दिसला तो फक्त आत्याचा संताप. "आत्याबाईंना सणाच्या दिवशी झालं तरी काय?" अशी कुजबुज सुरू झाली. दुपारी आत्याचा मला फोन आला : "अरे, मीच भांडकुदळ ठरले रे! मीही माझं पुसून टाकू का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. जुन्या कागदांत डोके घालण्याची सवय असल्यामुळे मनात आले, की हा प्रश्न मोबाइलने निर्माण केलेला नाही. मूळ मजकूर नाहीसा झाला म्हणजे त्याला दिलेल्या उत्तराचे काय करावयाचे, हे कोडे माणूस लिहू लागल्यापासूनचे आहे. आणि इतिहासाने ते वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या रीतीने सोडविले आहे.

आपल्या घरातले उदाहरण प्रथम घेऊ. चांगदेवांची गोष्ट आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसलेल्या त्या योग्याला मायनाच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. आणि ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने लहान! शेवटी त्यांनी कोरा कागद धाडला. त्याला उत्तर म्हणून जे लिहिले गेले ते 'चांगदेव पासष्टी' ह्या नावाने आपल्यापाशी आहे. मूळ पत्रात एक अक्षरही नाही, आणि उत्तराच्या पासष्ट ओव्या! पण ही कथा सांगणाऱ्या परंपरेचे शहाणपण पाहा. तिने पासष्टीबरोबर त्या कोऱ्या कागदाची आठवणही जपली. ती आठवण नसती, तर ह्या ओव्या कोणाला आणि कशासाठी सांगितल्या, हे आपल्याला कोठून कळते? उत्तराला अर्थ यावा म्हणून मूळ मजकूर शब्दशः असलाच पाहिजे असे नाही. पण येथे काहीतरी होते, एवढी खूण तरी असावी लागते.

आता जरा दूर, रोमन साम्राज्यात जाऊ. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात केल्सस नावाच्या ग्रीक लेखकाने 'सत्यवचन' अशा अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहिला. त्या काळी नव्याने पसरत असलेल्या ख्रिस्ती धर्मावर तो कडक टीका होती. सुमारे सत्तर वर्षे लोटल्यावर, इ. स. 248 च्या आसपास, ऑरिजेन ह्या ख्रिस्ती पंडिताकडे त्याच्या एका स्नेह्याने तो ग्रंथ पाठविला आणि खंडन करण्याची गळ घातली. ऑरिजेन तेव्हा साठीच्या पुढे गेलेला. आधी त्याला हे काम अनावश्यक वाटले. शिवाय टीकाकार केल्सस नक्की कोण, हेही त्याला खात्रीने ठाऊक नव्हते. तरी त्याने लेखणी हाती घेतली. प्रथम नुसते मुद्दे टिपून त्यांवर लिहावे असा त्याचा विचार होता. पण काही भाग लिहून झाल्यावर त्याने पद्धत बदलली. केल्ससचे म्हणणे क्रमाने घ्यावयाचे, बहुधा त्याच्याच शब्दांत मांडावयाचे, आणि मग त्याचा समाचार घ्यावयाचा, असे करीत त्याने आठ भागांचा ग्रंथ पुरा केला.

काळाने पुढे कशी गंमत केली पाहा. केल्ससचा ग्रंथ नष्ट झाला. त्याची एकही प्रत आज नाही. ऑरिजेनचे उत्तर मात्र राहिले, आणि त्या उत्तराच्या पोटात केल्ससही राहिला! एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी ऑरिजेनच्या पानांतून ती वाक्ये वेचून मूळ ग्रंथाचा बराच मोठा भाग पुन्हा जुळविला. कायम ह्या जर्मन पंडिताने केलेली अशी जुळणी 1873 साली प्रसिद्ध झाली. ज्याला खोडून काढावयाचे त्यालाच ऑरिजेनने अमर करून ठेवले. प्रतिपक्षाचे शब्द प्रामाणिकपणे उतरून घेण्याच्या सवयीचे हे फळ होय.

ह्याच्या उलट गत पॉर्फिरीची झाली. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ह्या तत्त्ववेत्त्याने ख्रिस्ती मताविरुद्ध पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याला उत्तरे देण्यासाठी मेथोडियस, युसेबियस, अपोलिनारिस असे दिग्गज पुढे सरसावले. युसेबियसचे उत्तर पंचवीस भागांचे आणि अपोलिनारिसचे तीस भागांचे होते असे सांगतात. पुढे राजसत्ता ख्रिस्ती झाली. कॉन्स्टंटाइनने पॉर्फिरीच्या ह्या लिखाणाविरुद्ध हुकूम काढला, आणि 448 साली सम्राट दुसरा थिओडोसियस व व्हॅलेंटिनियन ह्यांच्या नावाने ते जाळून टाकण्याची आज्ञा पुन्हा सुटली. आज पॉर्फिरीचा ग्रंथ नाही. पण त्याच्या विरोधात लिहिलेले ते पंचवीस आणि तीस भागही नाहीत! उत्तरे नेमकी कशाने गेली हे सिद्ध झालेले नसले, तरी परिणाम डोळ्यांपुढे आहे. इतरांच्या लिखाणात विखुरलेले तुकडे तेवढे उरले. ते हार्नाक ह्या जर्मन विद्वानाने 1916 साली एकत्र केले. पॉर्फिरीचे म्हणणे जसे गेले, तसे त्याला निरुत्तर केल्याचा ज्यांचा दावा असेल त्यांचे पुरावेही गेले. एका बाजूचे तोंड बंद केले म्हणजे दुसऱ्या बाजूचा विजयही मुका होतो.

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावयास हवा. आपले लिखाण लेखकाने आपण होऊन मागे घेणे निराळे, आणि राजाने ते जाळणे निराळे. काकांनी स्वतःचा संदेश पुसला. पॉर्फिरीची पाने दुसऱ्यांनी जाळली. मूळ मजकूर दोन्हीकडे गेला खरा. पण एकात पश्चात्ताप आहे आणि दुसऱ्यात जुलूम.

आपल्याकडे शास्त्रचर्चेचा दंडक ऑरिजेनच्या पद्धतीशी मिळताजुळता होता. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडावयाचे, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी सिद्धान्त. ह्या दंडकामुळेच चार्वाकांचे मत आज आपल्याला ठाऊक आहे. बृहस्पतीच्या नावावर सांगितली जाणारी त्यांची सूत्रे लुप्त झाली. पण हरिभद्र, शान्तरक्षित आणि चौदाव्या शतकातले माधवाचार्य ह्यांच्यासारख्या विरोधकांनी आपापल्या ग्रंथांत चार्वाक उभा केला. 'सर्वदर्शनसंग्रहा'चे पहिलेच प्रकरण त्याचे आहे.

पण मूळ लेख नसला की उत्तर देणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता येते, हेही ह्याच प्रकरणात दिसते. कर्ज काढून तूप प्यावे, हा चार्वाकाचा उपदेश शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. आधुनिक संशोधकांनी ह्या श्लोकाचे जुने अवतार शोधून पाहिले. त्यांत कर्जही नाही आणि तूपही नाही. मृत्यूच्या आटोक्याबाहेर काहीच नाही, म्हणून जगावे तोवर सुखाने जगावे, एवढेच तेथे म्हटले आहे. मौज अशी, की माधवाचार्यांच्या ग्रंथात प्रकरणाच्या आरंभी हा जुना पाठ येतो आणि शेवटाकडे तुपाचा! एक सरळ विचार कोठेतरी वाटेत चेष्टेचा विषय झाला. आणि तुपाची गोष्ट चटकदार असल्यामुळे तीच लोकांच्या तोंडी बसली. चार्वाक 'मी असे म्हणालोच नव्हतो' म्हणून सांगावयास येणार कोठून? त्याची वही कोणापाशीच नव्हती. ह्या पंथाशी जवळीक असलेला जयराशीभट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ 1926 साली पाटणच्या भांडारात ताडपत्रांवर सापडला आणि 1940 साली बडोद्याहून छापला गेला. तेव्हा कोठे त्या बाजूच्या एका माणसाचा आवाज विद्वानांना सलग ऐकावयास मिळाला.

मराठी कागदपत्रांत तर हा अनुभव पावलोपावली येतो. पत्रव्यवहाराच्या दोन बाजू असतात आणि त्या दोन निरनिराळ्या घरांत जाऊन पडतात. एका घरचे दप्तर वाळवीने खाल्ले, की उरते ती एकच बाजू. तरीही त्या एका बाजूवरून दुसरी बरीचशी उभी करता येते, ह्याचे श्रेय आपल्या जुन्या कारकुनांच्या शिस्तीला आहे. उत्तर लिहिताना 'आपले पत्र आले, त्यात आपण अमुक लिहिले, तमुक लिहिले' असा आलेल्या पत्राचा गोषवारा आधी देऊन मग आपले म्हणणे मांडण्याची त्यांची पद्धत होती. घोड्यावरून वा पायी जाणाऱ्या जासुदाच्या काळात पत्रे वाटेत गहाळ होत. तेव्हा आपण नेमके कशाला उत्तर देत आहोत हे नोंदविणे ही गरजच होती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड छापला, आणि रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 ह्या काळात पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग काढले. त्यांतली पाने चाळणाऱ्यास ह्या शिस्तीचे मोल पदोपदी कळते. संपादकांचीही एक शिस्त आहे. कागद जेथे फाटला असेल तेथे ते मनचे शब्द भरीत नाहीत; टिंबे देतात. त्या टिंबांचा अर्थ इतकाच, की येथे काही होते आणि ते आता नाही. त्यापेक्षा अधिक बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे जाणणे म्हणजेच इतिहासकाराची सचोटी.

पुसण्यापेक्षाही वाईट म्हणजे मागाहून बदलणे. 'ध'चा 'मा' केल्याची कथा कोणाला ठाऊक नाही? 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' असे लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी आख्यायिका त्याभोवती गुंफली गेली. ती खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. लोकांनी ती दोनशे वर्षांवर जपली ह्याचे कारण तिच्यातली भीती खरी आहे. लिहिणाऱ्याने एक लिहावे, मध्येच कोणी ते फिरवावे, आणि त्यावर 'हो' म्हणणाऱ्याच्या माथी भलतेच पाप यावे!

जुन्या पत्रांत आणखी एक सूचना कधी कधी भेटते : वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाकावे. आपण ती वाचतो, ह्याचाच अर्थ ते पत्र फाडले गेले नाही. कोणीतरी शब्द मोडला, म्हणून आपल्याला इतिहास मिळाला. संशोधकाला ह्याचा आनंद होतो. पण लिहिणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, म्हणजे त्या आनंदाला जरा लाजही वाटते. आपले शब्द परत मागणाऱ्या माणसाचीही काही बाजू असते, हे विसरून चालणार नाही.

छापखाने आल्यावर वाद चव्हाट्यावर आले. 1831 साली मुंबईत मोरभट्ट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली. मिशनरी जॉन विल्सन ह्यांनी 1832 साली तिला इंग्रजीत उत्तर छापले. उत्तर कडवे होते. पण त्याच्या आरंभी विल्सनसाहेबांनी भटजींच्या पुस्तिकेचे भाषांतर जोडले. पुस्तक उघडणाऱ्याने आधी प्रतिपक्ष वाचावा आणि मग उत्तर, अशी ती रचना आहे. मताने ते दोघे दोन टोकांना होते. तरी वादाची ही रीत आपल्या पूर्वपक्षाच्या दंडकापासून फार लांब नव्हती.

आणि ज्या उत्तराने मूळ लेखाला पार मागे टाकले, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. 1881 साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आपले नवजात मूल मारल्याबद्दल खटला झाला. तिला फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून विधवांवर, किंबहुना एकूण स्त्रीजातीवरच, आग पाखडली गेली. पुण्याच्या 'पुणेवैभव' पत्रातला असा मजकूर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांच्या वाचनात आला, आणि त्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत कसा अधिक आहे, हे त्यांनी अशा धारदार मराठीत दाखविले, की त्यांच्यावर टीकेची झोड उठली. 1885 साली 'सत्सार'मधून महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. प्राध्यापक स. गं. मालशे ह्यांनी 1975 साली ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मराठी वाचकाला एक विसरलेला आवाज नव्याने ऐकू आला.

आता विचार करा. 'पुणेवैभवा'तला तो मजकूर आज किती जणांनी वाचला आहे? मूळ लेख काढून टाकला की त्याखालची उत्तरेही आपोआप जावीत, असा नियम त्या काळी असता, तर ताराबाईंचे पुस्तक त्या शेऱ्यांबरोबरच केराच्या टोपलीत गेले असते. आधी हल्ला करावयाचा, उत्तर मिळाले की हल्ला मागे घ्यावयाचा आणि त्याबरोबर उत्तरही पुसावयाचे, अशी सोय बलवानाला मिळाली तर दुबळ्याने बोलावे कसे? ताराबाईंचे पुस्तक मात्र आपल्या पायावर उभे आहे. कशाला उत्तर देत आहोत हे त्यांनी पुस्तकातच सांगून ठेवले, म्हणून मूळ मजकूर हाताशी नसतानाही ते कळते.

आजची माध्यमे ह्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देतात. फेसबुकवर मूळ लेख काढला की त्याखालची सारी उत्तरे त्याबरोबर जातात. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, उत्तरे मागे राहतात. पण आईबापांविना लेकरे राहावीत तशी. रेडिटवर लेखकाचे नाव आणि मजकूर जातो, जागेवर खूण राहते आणि खालची चर्चा चालू राहते. ह्या सर्वांच्या आधी, 1980 च्या सुमारास सुरू झालेल्या यूजनेट ह्या संगणकी चर्चामंडळात उत्तर देताना मूळ ओळी उतरून घेण्याची चाल होती, अगदी पेशवाईतल्या कारकुनासारखी! पुढे 1995 पासून तिथल्या चर्चा साठवून ठेवण्यात येऊ लागल्या. आपले लेखन साठवू नये अशी सूचना लेखकाला देता येई, पण दुसऱ्याने उत्तरात उतरून घेतलेल्या त्याच्या ओळी तशाच राहत. तेव्हा कित्येकांच्या ध्यानात आले, की आपले शब्द आता केवळ आपले राहिलेले नाहीत. 2018 पासून युरोपात लागू असलेल्या कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. पण अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि इतिहाससंशोधन ह्यांसाठी त्याला मर्यादाही ठेवल्या आहेत.

इतिहासाला विचारले, तर तो मला वाटते असे सांगेल : लिहिणाऱ्याला आपले शब्द मागे घेण्याची मुभा असावी, माणूस चुकतो आणि चूक सुधारण्याची वाट त्याला मोकळी हवी. पण त्याचा हक्क त्याच्या शब्दांपुरताच. उत्तर हे उत्तर देणाऱ्याचे आहे. ते ठेवावे की काढावे हे त्याने ठरवावे, आणि मूळ मजकूर गेल्याचे त्याला कळवावे. रिकाम्या जागी संपादकाची टिंबे असावीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तर देणारा वाऱ्याशी भांडतो आहे असे वाटणार नाही. मूळ मजकुरात कोणाचे खाजगी दुखणे किंवा घरचा पत्ता उघडा केला असेल, तर उत्तरात उतरलेला तेवढा भागही जावा. अधिकाराच्या खुर्चीवरून लोकांना उद्देशून बोललेले शब्द मात्र सहजी पुसता येऊ नयेत. ते दप्तरात जमा झालेले असतात. आणि उत्तर देणाऱ्यानेही ऑरिजेनचा धडा घ्यावा. दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडावे. त्यात आपल्या पदरचे तूप घालू नये.

हे सगळे आत्याला फोनवर कोठून सांगणार! "तुझं काही पुसू नकोस," एवढेच तिला म्हटले. मग काकांना फोन केला. ते जरा वेळ गप्प राहिले, "बघतो," म्हणाले.

भाऊबीजेच्या सकाळी गटावर काकांच्या दोन ओळी आल्या : "परवा इथे मी नको ते लिहिलं होतं आणि पुसलं. ताई बोलली ती मला, आणि बरोबरच बोलली." तो विनोद काय होता, हे त्यांनी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. शारजाहून कोणीतरी हात जोडल्याचे चित्र टाकले. संध्याकाळी काका आत्याकडे ओवाळून घ्यावयास गेले, तेव्हा मीही बरोबर होतो. तिने त्यांच्या ताटात करंजी वाढली, आणि मग दुसरीही वाढली.